नऊ मिनिटं मागे

मरोळच्या एका रक्ततपासणी लॅबमध्ये कल्पिता कोळी नोंदींचं काम बघायची. त्या सोमवारी एक रिपोर्ट परत आला. रक्त घेतलं दहा-पाचला आणि तपासणी नऊ-एकोणसाठलाच सुरू. डॉक्टरबाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं. वेळ तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती, बरोबर लिहिली होती... पण ऐकतंय कोण?

दुपारी कॉम्प्युटरच्या कामासाठी कृणाल सावंत आला. दोन तास सर्व्हरपुढे बसला, मग थेट डॉक्टरबाईंसमोर उभा राहिला.

"चूक यांची नाही. तपासणीची वेळ सर्व्हर टाकतो, आणि त्याचं घड्याळ नऊ मिनिटं मागे आहे."

कल्पिताने मान वर केली नाही. डोळे भरले होते ना.

सर्व्हरने नेटवर्कवरून खात्रीच्या घड्याळाला विचारून आपली वेळ जुळवत राहायची असते. लॅबच्या नेटवर्कच्या सुरक्षा-यंत्रणेने ती वाटच अडवली होती. ती मोकळी करायला कृणाल तीन दिवस येत राहिला. तिसऱ्या दिवशी चहा देताना कल्पिता म्हणाली, एकदम नऊ मिनिटं पुढे ढकलून टाका की.

"एकदम ढकललं तर नोंदींची वाट लागेल. रोज थोडं थोडं सरकेल. बारा-तेरा दिवस."

"इतकं हळू?"

"मला घाई नाही," तो म्हणाला — आणि कप घेताना नजर हटवायचीच विसरला.

चौथ्या दिवसापासून तो आला नाही. घड्याळ आपलं आपण सरकत होतं. कल्पिता रोज सकाळी फरक बघायची... पाच मिनिटं, तीन, एक. फरक घटला की डॉक्टरबाई खूश व्हायच्या, आणि हिचा जीव खालीवर. एकदा वेळ जुळली की त्याला बोलवायचं तरी कशाला?

वेळ जुळली त्या सकाळी तिने फोन लावला.

"किती मागे आहे?" त्याने लगेच विचारलं.

"मागे नाही. बरोबर आहे."

"हो... बघितलं मी. इथून दिसतं मला. रोज नऊला बघतो."

"रोज बघावं लागतं?"



"नाही," तो म्हणाला. "लागत नाही."

कल्पिताने फोन कानाशी घट्ट धरला. "मग उद्या ये ना इकडे." 'तू' कधी तोंडात आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"ऑफिसात काय काम सांगू?"

"काही सांगू नकोस. सुट्टी घे."

"घेतली," कृणाल म्हणाला.