नावं ऐकणारी

एका प्रोग्रॅमिंग भाषेसोबत तयार फंक्शन्सचं, म्हणजे एकेक ठरावीक काम करून देणाऱ्या आज्ञांचं, भांडार मिळतं. त्यातल्या फंक्शन्सना नावं देणं हे माझं काम. नाव वाचताच फंक्शन काय करणार ते कळलं पाहिजे. वर्षभर डोकं खाजवून एक शब्द ठरतो आणि मग तो कुणाच्या बापाला बदलता येत नाही, कारण तोवर हजारो प्रोग्रॅम त्यावर उभे असतात.

मी घरूनच काम करतो, एकटाच असतो. माझी परीक्षक म्हणजे ताई. संगणकाशी तिचं काडीचं देणंघेणं नाही, म्हणूनच. रोज चारला फोन करून मी नाव वाचायचं, ते काय करील हे तिनं सांगायचं. चुकली तर नाव बाद. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

मार्चमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. मी पार हादरलो. पंधरा दिवसांनी दाजींनी फोन तिच्या कानाशी धरला आणि ती बोलली. आवाज जरा सपाट, पण तिचाच. मी फोनवरच रडलो.

त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. ‘उलटव’ वाचलं. “आहे तीच यादी उलटी करील.” ‘उलटवलेली’? “मूळ यादी तशीच राहील. दुसरी मिळेल.” पूर्वी ती आधी माझी यथेच्छ टिंगल करायची, तेवढं मात्र बंद झालं होतं.

आठ महिन्यांनी सवड काढून भेटायला गेलो. दाजींनी चहा केला.

“तुझ्या फोनची ती वाट बघते,” ते म्हणाले. “तू वाचतोस, थांबतोस, मध्येच हसतोस. ती बोलतेय असं धरून चालतोस ना, बरं वाटतं तिला. डॉक्टर विचारतात, पण अजून एक शब्द नाही.”

ताईनं माझा हात घट्ट धरला. तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.

चार वाजले. दाजींनी सवयीनं तिचा फोन उशाशी ठेवला. मी गॅलरीत जाऊन नंबर लावला, दाजींनी फोन उचलून तिच्या कानाशी नेला. काचेतून ताई दिसत होती. ओठ मिटलेले. हळूहळू डोळेही मिटले.

“वाच,” आवाज आला.

फोन ठेवला, तर उद्या मी कुणाशी बोलणार होतो?

“ती झोपली का रे?” आवाज दबका झाला.

मी काचेकडे पाठ केली. “हो,” म्हणालो, आणि पुढचं नाव वाचलं.