हळदीकुंकवाची फ्लॉपी

“ओ भाऊ, पाणी मागच्या बाजूनं भरा! समोरून टाकाल तर मशीन भिजन.”

कौसल्या दारात चपला काढता काढताच ओरडली. कूलरजवळ उभा असलेला तरुण दचकला. त्याने मुकाट्याने बादली उचलली, मागे जाऊन टाकी काठोकाठ भरली आणि हात पुसत म्हणाला, “झालं. आता कॉम्प्युटर दाखवता का? मी श्रीधर. पुण्याहून आलोय... प्रोग्राम बसवायला.”

कौसल्येचे कान तापले.

“मंग पाणी काहून भरलं?”

“तुम्ही इतक्या हक्काने सांगितलंत...”

अठ्ठ्याऐंशी सालचा चैत्र होता. गांधीबागेतल्या ज्या विणकर संघाच्या कचेरीत कौसल्या हंगामी कामाला होती, तिथे एकच कॉम्प्युटर होता आणि धूळ नको म्हणून त्या खोलीत सगळे अनवाणी जात. संघाच्या साड्या कुठल्या गावात, कुठल्या दुकानात, कुणामार्फत खपतात ते सारं त्यात भरलेलं. पण याद्या इतक्या वाढल्या होत्या की कुठली कशाला जोडली आहे, ते कुणालाच उमगेना. म्हणून श्रीधरच्या कंपनीने संघासाठी मुद्दाम एक प्रोग्राम लिहिला होता. तो प्रत्येक यादीची चौकट काढून जोडलेल्या चौकटींमध्ये रेघ ओढणार होता.

पहिल्या दिवशी श्रीधरने ते कागदावर काढून दाखवलं.

“ही रेघ कशाची?” कौसल्येने विचारलं.

“नात्याची. इथे दुकानदार, इथे ऑर्डर. दोन्हींत काही सारखं असलं तरच रेघ पडते.”

“अन् नसलं तर?”

“तर चौकट एकटीच राहते,” तो म्हणाला. मग पेन्सिलीकडे बघत, हळूच — “बिचारी.”

कौसल्या हसली नाही. पण घरी जाताना दोनदा रस्ता चुकली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. टेबलावर नव्या फ्लॉप्या ठेवल्या होत्या : पातळ, काळ्या, चौकोनी. मागावर नवी फणी चढवण्याआधी तिचे बाबा त्या फणीला हळदकुंकू वाहत. नवं साधन पुजल्याशिवाय कामाला लावायचं नाही, हे कौसल्या लहानपणापासून पाहत आली होती. तिने घरून आणलेल्या हळदकुंकवाच्या डबीत बोट बुडवलं आणि प्रत्येक फ्लॉपीला मनोभावे टेकवलं. बोट पडलं ते नेमकं त्या लांबट खाचेवर, जिथे आतली चकती उघडी असते.

श्रीधरने फ्लॉपी आत सरकवली. खर्रर्र... आवाज झाला आणि पडद्यावर चूक झाल्याची सूचना उमटली. दुसरीचंही तेच. “पुण्याला फोन लावतो,” म्हणत तो बाहेर धावला.

व्यवस्थापक गणपतराव लालबुंद झाले. “शिकलेली पोरगी ना वं तू! या महिन्यात तुले कायम करणार होतो. आता शनिवारच्या सभेच्या आत हे चालू झालं तर ठीक. नाही तर दुसरी नोकरी पाह्य.”

श्रीधर परत आला. “नवा संच टपालाने येईल,” तो म्हणाला. “तोवर थांबावं लागेल.”

ते दिवस कौसल्येला जाता जाईनात. सायकलची घंटा वाजली की ती पोस्टमन समजून उठायची. घरी बाबांच्या मागाची खटखट डोक्यात शिरायची. फ्लॉपी आली तर नोकरी राहील... पण फ्लॉपी आली की हा जाईल! एका जीवाने दोन्ही कसं मागावं? तो शेजारी बसून चौकटी काढत राही, आणि त्याचं मनगट तिच्या मनगटाला लागलं की कूलरसमोरही तिला उकडे.

शुक्रवारी दुपारी तिला राहवलं नाही. “उद्या संच नाही आला तर माही नोकरी गेली, माहीत आहे तुम्हाले?”

श्रीधरच्या हातातली पेन्सिल थांबली. “तुमची? मला कुणी सांगितलंच नाही...”

खुर्चीखालची बॅग ओढून त्याने एक पाकीट काढलं. आत कोऱ्या करकरीत फ्लॉप्या होत्या.

“दुसरा संच. आम्ही नेहमी सोबत ठेवतो.”

“म्हंजे... पह्यल्या दिवसापासून?”

“हो.”

कौसल्येचे डोळे भरले. “मी जेवली नाही हो धड! साहेबाची बोलणी खाल्ली. अन् तुम्ही पेन्सिलनं रेघा ओढून राहिले होते?”

“चूक झाली. आत्ता जाऊन सांगतो.”

“सांगाच. सगळं!”

तो तसाच अनवाणी गणपतरावांच्या टेबलाशी गेला. टाइपरायटर थांबले. त्याने सांगितलं. फ्लॉप्यांचं नुकसान त्याच दिवशी भरून निघालं असतं, उशीर त्याच्यामुळे झाला, कौसल्याबाईंचा दोष धरू नये. हे पुण्याला कळलं तर त्याचीच नोकरी जाईल, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

“पण काहून गा?” गणपतराव चक्रावले. “आठ दिवस इथल्या उन्हात काहून तापले?”

श्रीधरने एकदा दारात उभ्या कौसल्येकडे पाहिलं. “यांना सोडून जाववत नव्हतं.”

गणपतरावांनी चष्मा काढला. “कौसल्ये, तुले माहीत होतं काय वं?”

“आताच समजलं, साहेब.”

“मंग काय म्हनतं?”

“पह्यले त्याहिले मशीन चालू करू द्या,” ती ठसक्यात म्हणाली. “काम अर्धं ठेवणाऱ्याले मी उत्तर देत नाही.”

मागे टाइपरायटरवालं कुणीतरी फिसकन हसलं. “कायम आहे वं तू,” गणपतराव पुटपुटले. “जा, करा लवकर.”

तासाभरात पडद्यावर चौकटी उमटल्या, त्यांच्यामधून हिरव्या रेघा धावल्या. श्रीधर मागे वळला नाही. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, एवढं त्याला कळत होतं.

“काम पूर्ण झालं,” तो म्हणाला.

“बाबा दिवेलागणीला मागावरून उठतात,” कौसल्या म्हणाली. “तुम्ही घरी आधी आले तर ते बोलणार नाहीत. उशिरा आले तर चिडतील.”

“आणि तुम्ही?”

“मी...” ती पडद्याकडेच बघत राहिली. “मी दारातच उभी राहीन.”