पाऊण तासाचं माहेर

ईश्वरी ऑकलंडच्या घरात कणीक मळत होती, तेव्हा नागपूरहून भावाचा फोन आला. आईचं काही खरं नाही, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, लगेच निघ, असं पंकज म्हणाला. असं तो गेल्या दिवाळीपासून अनेकदा म्हणाला होता, आणि दर वेळी ती गेली होती.

पूर्वी या प्रवासात दीड दिवस मोडायचा. झेपयान आलं आणि जवळपास बारा हजार किलोमीटरचं अंतर तेवढंच राहून वेळ मात्र पाऊण तासावर आला. हे यान हवेच्या थराबाहेर उसळी घेतं आणि पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला उतरतं. उसळताना आणि उतरताना शरीराचं वजन पाचपट होतं, आणि तो सगळा भार हृदयाच्या स्नायूला सोसावा लागतो. म्हणून झेपेआधी आणि उतरल्यावर तपासणी सक्तीची होती आणि बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी होती. जुनी विमानं गिऱ्हाइकांअभावी केव्हाच भंगारात निघाली होती, आणि उरलेल्या मालवाहू बोटी आजारी माणसांना आणि लहान मुलांना घेत नसत.

नातेवाइकांना फक्त तो पाऊण तास दिसायचा. पूर्वी परदेशातल्या लेकीला कुणी दुखण्याला बोलवत नसे. आता आईला धाप लागली तरी बोलावणं यायचं. त्यात ईश्वरीच्या माहेरी मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी लेकीने घालायची रीत. सोय वाढली की नाही म्हणायला तोंड उरत नाही, हेच खरं.

मागच्या खेपेनंतर डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, की हृदयाचा स्नायू पातळ होत चाललाय. अजून एक झेप तो सोसेल, परतीची सोसेलच असं नाही. ईश्वरीने हे माहेरी कळवलं नव्हतं. आजारी माणसाच्या जिवाला घोर कशाला, असं म्हणून आपल्याकडे सगळंच झाकतात, आणि मग निस्तरत बसतात.

"आईंना खरं सांग," तिचा नवरा ललित म्हणाला. "त्या समजून घेतील."

"मरणाच्या दारातल्या बाईला काय सांगू? संध्याकाळपर्यंत येते मी."

चार वर्षांच्या लेकाला, अबीरलाही तिने तेच सांगितलं, आणि ती गेली.

नागपूरला उतरल्यावर तपासणीच्या खोलीतल्या तरुण डॉक्टरने पडदा तिच्याकडे वळवला. स्नायूला चीर गेली होती. पुन्हा झेप नाही, त्याने सांगितलं, आणि असं हृदय घेऊन बोटीवरही कुणी चढू देणार नाही. मुलाला इकडे आणता येईल का, असं तिने विचारलं. त्याने मुलाचं वय विचारलं. मग आठ वर्षांनी, असं म्हणून तो पुढच्या प्रवाशाकडे वळला.

रिक्षात ती हमसून हमसून रडली. रिक्षावाल्याला वाटलं, हिचं कुणीतरी गेलं.

घरी आई उशीला टेकून बसली होती. पेजेची अर्धी वाटी तिने संपवली होती. तू निघालीस असं कळलं आणि हिला तरतरी आली, असं पंकज ओशाळून म्हणाला. ईश्वरी दारातच थांबली. आई जिवंत आहे याचा तिला राग आला, आणि त्या रागाची तिला भीती वाटली.

आईने तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात आपल्या गालाला लावला.

"तू आली अन् माह्या जिवात जीव आला, बाई. आता सांग, लगेच परत जाशीन, का राहशीन माह्यापाशी चार दिवस?"