गाडीखालून आलेली हाक

सांगतोय ते खरं आहे. खुद्द मामीने सांगितलंय, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय. पटत नसेल तर खुशाल पुढच्या पोस्टवर जा, माझ्याशी वाद घालत बसू नका.

आणि हो, रात्र नव्हती. भर दुपार होती, लख्ख ऊन होतं. जागा मामाचं गॅरेज.

लष्कराने कधीकाळी मोडीत काढलेले जुने ट्रक हौशी लोक विकत घेतात. ते चालते करून द्यायचं काम मामा करायचा. बहुतेक गाड्यांची दुखणी दोनच. ब्रेक लागत नाहीत आणि तेल गळतं.

ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक ट्रकखाली, एक वर पेडलवर. खालचा ओरडतो, "दाब!" वरच्याने दाबून धरायचं. खालचा चाकामागचा निप्पल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून हवा काढतो, पुन्हा आवळतो, मग ओरडतो, "सोड!"

दोघं एकमेकांना दिसत नाहीत. सगळा कारभार आवाजावर.

वीस वर्षं पेडलवर मामीच बसायची. मांडीवर विणकाम, पाय पेडलवर.

"तुझ्या मामाचा जीव माझ्या तळपायाखाली आहे, जपून बोल माझ्याशी," असं मला म्हणायची आणि खळखळून हसायची.

तो हिरवा ट्रक आला तेव्हा मागच्या डाव्या चाकातून तेल गळत होतं. ब्रेक पार मेलेले, हँडब्रेक तर नावालाच. आधीच्या मिस्त्रीने काम अर्धवट का टाकलं, असं मामाने विचारलं.

"कामचुकार हो, दुसरं काय," मालक म्हणाला.

त्या दुपारी मामी वर चढून बसली.

खालून आवाज आला... "दाब."

तिने दाबलं.

"सोड."

बराच वेळ असंच चाललं. दाब. सोड. दाब. सोड. मग पेडल एकदम तळालाच गेलं.

"अहो, पेडल बसलं की!"

खालून... काहीच नाही.

आणि समोरच्या गेटातून मामा आत आला. हातात चाकाची गळती थांबवायला आणलेलं नवं ऑइल सील.

"चढून पण बसलीस? दुकानात जाऊन येतो म्हणून ओरडून गेलो होतो की!"

मामीच्या हातातून सुया गळून पडल्या.

"मग... खाली कोण आहे?"

खाली कोणीच नव्हतं. निप्पल पुरता उघडा होता आणि सगळं ब्रेक ऑइल फरशीवर सांडलेलं. त्या निप्पलला बसणारा पाना एकच होता. तो मामाच्या खिशात होता.

"डुलकी लागली असेल तुला," मामा म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता.

"काहीतरीच काय! तुमचा आवाज मला कळत नाही होय?"

मामीने भुसा टाकून ते तेल टिपलं, फरशी कोरडी खडखडीत केली.

दुसऱ्या दिवशी मामाने खूण ठरवली. "आधी मी पान्याने चाकावर दोनदा वाजवीन. टक टक. त्याशिवाय मी गळा फाडून ओरडलो तरी पेडलला पाय लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

काम सुरेख झालं. टक टक, दाब. टक टक, सोड. चारही चाकं झाली, पेडल दगडासारखं घट्ट झालं. ते नवं सील गळतंय का, एवढंच बघायला मामा पुन्हा खाली शिरला.

मग...

"दाब!"

टकटक नाही.

मामीने दोन्ही पाय सीटवर उचलून घेतले.

"दाब! अगं, दाब ना!"

हुबेहूब मामा.

तिने कानांवर हात घट्ट धरले, डोळे मिटले. आज नाही फसायची, आज नाही, असं स्वतःशीच पुटपुटत राहिली.

ट्रक हलला...

आवाराला गेटाकडे थोडा उतार होता. चाकाला लावलेला लाकडी ठोकळा तेलावरून घसरला होता. जिथे तिने स्वतः फरशी कोरडी केली होती, नेमकं तिथेच पुन्हा तेलाचं थारोळं होतं.

मामा वाचला. पाय नाही वाचले.

ट्रकचा मालक दवाखान्यात आला. तब्येत कशी आहे, हेसुद्धा त्याने विचारलं नाही. मामीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "खालून... आवाज आला होता का?"

तोवर आम्ही त्या आवाजाबद्दल कोणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मामी किंचाळली. "मेल्या, माहीत होतं तुला?"

"सांगितलं असतं तर कोणी काम धरलं नसतं, वहिनी." एवढं बोलून तो खाली मान घालून निघून गेला. लाज वाटायला हवी होती नालायकाला.

पण मामाचा राग त्याच्यावर नव्हताच.

"मी टकटक केली होती," तो मामीला म्हणाला. "दोनदा केली."

"नाही हो केलीत."

"वीस वर्षांत माझा आवाज ओळखता आला नाही तुला?"

"ओळखला," मामी म्हणाली. "आदल्या दिवशीही तोच होता. म्हणूनच तर दाबलं नाही."

मामाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्यांच्यात कामापुरतं बोलणं उरलं. त्याच्या हाकेला मामी जायचीच नाही. पलंगाच्या दांड्यावर दोनदा वाजलं, तरच उठायची.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. मामा चाकाच्या खुर्चीत, मी शेजारी, दोघं बाहेर अंगणात. मामी आत स्वयंपाकघरात. आम्ही बाहेर आलोय हे तिला ठाऊक नव्हतं.

आतल्या खोलीतून आवाज आला...

टक टक.

"आले हो!" मामी म्हणाली. तिची पावलं खोलीकडे गेली.

मी मामाच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते.

मी ताडकन उठलो. "मामा, हाक मार तिला! थांबव!"

त्याने माझं मनगट धरलं. "माझ्या हाकेला येते का ती?"

आतून मामीचं हसू ऐकू आलं. तेच, पूर्वीचं, खळखळून. मग ती म्हणाली, "किती दिवसांनी नीट बोलताय हो माझ्याशी!"

आणि तिला मामाच्या आवाजात उत्तर मिळालं.

मामा माझ्या शेजारीच होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी मामीला अजून काहीच सांगितलेलं नाही. फोनवर ती हल्ली खूश असते. "तुझे मामा बोलायला लागले रे," म्हणते.

मामाला फोन द्यायला मी सांगत नाही. मला भीती वाटते.