इंजिनाची ऊब

काम तसं तासाभराचं होतं. दादाच्या जुन्या मोटारीच्या इंजिनातला हीटर काढायचा आणि त्या भोकाला बूच बसवायचं. धाकट्याने स्वतःच्या गॅरेजात असे कितीतरी काढले होते.

थंडीत इंजिन गोठू नये म्हणून दादा रोज संध्याकाळी घराच्या गॅरेजात हीटरची वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा. दादाला जाऊन वर्ष होत आलं. वायर आता वहिनी खोचायच्या. गाडी चालवता येत नव्हती, तरी. सकाळी चहाच्या आधी बॉनेट उचलून इंजिनाला हात लावून बघायच्या. एकट्या राहू नका, आमच्याकडे चला, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"इंजिन कोमट असतं, भाऊजी. ह्यांना निघायचं असलं म्हणजे?"

"चूल पेटवायची आणि भांडं का तापलं म्हणून विचारायचं, असं झालं हे, वहिनी."

"मग काढा तो हीटर. गार पडलं, तर मुकाट्याने येते तुमच्या बायकोची बोलणी खायला."

तीन दिवसांपूर्वी तो वायर काढून घेऊन गेला होता. इंजिन गारठलेलंच असणार, या हिशेबाने आज त्याने हात लावून पाहिलं नाही. गाडीखाली सरकला आणि पाणी सोडायचा नट फिरवला.

मनगटावर धार आली. कढत.

"काय झालं?" दारातून वहिनींनी विचारलं.

"काही नाही... पाना घसरला."

पाणी झेलायला ठेवलेल्या तसराळ्यातून वाफ निघत होती. गंजाचा, गोडसर वास दाटला. त्याने तसराळं पायाने आत ढकललं आणि चटके सोसत हीटर ओढून काढला. त्याची तापणारी तार मधोमध तुटलेली होती. तुटलेल्या टोकांवर गंजाचे पापुद्रे चढलेले; हे आजकालचं तुटणं नव्हतं. दादा होता तेव्हापासूनच हा हीटर मेलेला होता.

त्याने तो फडक्यात गुंडाळून खिशात घातला. वहिनींना दाखवला असता, तर त्या जन्मात हलल्या नसत्या.

मग गार पडतंय का ते बघायला दोघं थांबून राहिली. निवणारं लोखंड वाजत होतं. टक्... टक्... मधली अंतरं वाढत गेली. दुपार कलली तेव्हा आवाज थांबला. वहिनींनी इंजिनावर तळवा ठेवला. बराच वेळ.

"गार आहे," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि बॅग भरायला आत गेल्या.

धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला. तोंडातून वाफ निघाली. त्याच वेळी मोटारीच्या बंद काचेवर, चालकाच्या बाजूला, आतून बशीएवढं धुकं उमटलं. विरलं. पुन्हा उमटलं. त्याच्या श्वासापेक्षा संथ लयीत...

त्याने गाडीवर ताडपत्री ओढली, कडा बांधल्या, गॅरेजचं दार लावलं. बॅग घेऊन आलेल्या वहिनींना हाताला धरून त्याने आपल्या जीपमध्ये बसवलं.

जीप फाटकाबाहेर पडल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या बाजूची काच थोडी खाली केलीत, ते बरं केलंत. मघाशी बॅग आणताना ताडपत्रीखालून काचेच्या हँडलचा आवाज आला."

"हो," तो म्हणाला.

त्याने दादाच्या गाडीचा दरवाजासुद्धा उघडला नव्हता. त्याने गिअर बदलला आणि मागचं दाखवणारा आरसा वर वळवून ठेवला.