कुरळी लोकर

प्लास्टर नुकतंच निघालेलं मनगट काउंटरवर ठेवून त्यानं विचारलं, "विणायला शिकायचंय... डॉक्टर म्हणाले, बोटांना व्यायाम होईल. इथं शिकवतात का?"

लोकरीच्या दुकानात पुरुष येतात ते बायकोनं सोबत दिलेला नमुन्याच्या लोकरीचा तुकडा घेऊन, आणि तरीही चुकीचा रंग घेऊन जातात. हा मात्र घड्याळं दुरुस्त करणारा होता, आणि बोटं वळेपर्यंत त्याचं काम बंद होतं. दुकान चालवणाऱ्या मावशीनं हाताखालच्या भाचीकडे बोट दाखवलं. भाची घाईघाईनं सुया शोधायला वळली, कारण त्याचे डोळे हसरे होते आणि तिला काही सुचेना.

तिनं त्याला गोल गळपट्ट्याचे पहिले टाके सुईवर घालून दिले. "दोन फेऱ्या राखाडी, दोन केशरी. एक टाका विणायचा, एक सोडायचा. खालचा रंग आपोआप वर चढतो."

पुढच्या शनिवारी त्यानं पिशवीतून जे काढलं, त्यातून चहा गाळता आला असता.

"अहो, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात, सोडायचा. मी सोडले."

"सोडायचा म्हणजे न विणता दुसऱ्या सुईवर घ्यायचा. खाली नाही टाकायचा."

"म्हणजे सोडायचा... पण हातचा जाऊ द्यायचा नाही?"

"हो."

"मग बाई, नीट सांगत जा ना."

तिला हसू आवरेना. चूक खरं तर तिचीच होती.

मग दर शनिवार त्याचा झाला. मावशी त्याला 'मनगटवाले' म्हणू लागली. राखाडीवर केशरी चौकटी सुरेख चढत गेल्या, फक्त शेवटच्या फेऱ्या दरवेळी चुकलेल्या असायच्या. ती उसवून द्यायची, तो तिच्या बोटांकडे बघत बसायचा. आता चार बोटं रुंदीचंच विणकाम उरलं होतं. गळपट्टा संपला की मनगटवाल्यांचं इथं काय काम? शुक्रवारपासूनच तिच्या मनात हाच विचार घोळायचा.

त्या शनिवारी उसवायच्या आधी तिची नजर धाग्यावर गेली. ती उसवायची तेवढीच नाही, सुईपासून गुंड्यापर्यंतची सगळी लोकर कुरळी होती.

"एवढा धागा अजून विणलेला नाही ना?"

"नाही."

"मग कुरळा कसा? विणून उसवल्याशिवाय लोकर अशी होत नाही."

त्याचे कान लाल झाले. "गळपट्टा... तीन आठवड्यांपूर्वीच पूर्ण झाला होता. दर शुक्रवारी चार बोटं उसवतो, थोडं चुकीचं विणतो."

"आणि मनगट?"

"ठणठणीत. महिनाभर कामावर जातोय."

खरं तर तिनं रागवायला हवं होतं. पण तिला इतकं हायसं वाटलं की सुया खाली ठेवाव्या लागल्या. तो जाणार नव्हता. जायचं त्याच्याही मनात नव्हतं.

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला. "सरळ सांगायला हवं होतं. पण नाही म्हणालात तर शनिवारी कुठल्या तोंडानं यायचं..."

"सुटले बाई," कपाटाआडून मावशी म्हणाली. "पुढचं तुम्ही बाहेर जाऊन बोला. इथं गिऱ्हाइकं येतात."

तिनं गळपट्टा घडी करून त्याच्या हातात दिला. "उद्या दुकान बंद असतं."

"माहितीये," तो हिरमुसून म्हणाला.

"म्हणूनच उद्या या."