शिवणीची पट्टी

भंगारवाल्याच्या दारातून मी बाहेर पडत होते आणि तो आत येत होता. दार अरुंद. दोघांनीही तिरकं होऊन एकमेकांना वाट दिली आणि — ठक्! माझी कापडी पिशवी त्याच्या पिशवीला जाऊन चिकटली.

मी ओढली. त्यानेही ओढली. पिशव्या हलेनात.

"काय आहे हो यात?" त्याने विचारलं.

"स्पीकरचा चुंबक. तुमच्यात?"

"खिळे. किलोभर." तो गालात हसला. "एक सांगू? तुमच्या पिशवीला..."

"नका सांगू. चुंबकावरचे सगळे विनोद माझे ऐकून झालेत."

"मग राहिलं," तो म्हणाला आणि पिशव्या ओढायचं सोडून त्याने त्या एकमेकींवरून हलकेच सरकवल्या. सुटल्या. त्याच्या मनगटावर लाकडाचा बारीक भुसा होता आणि हसताना त्याचा एकच डोळा बारीक व्हायचा... हे मी उगाचच पाहून ठेवलं.

मी दुकानात स्पीकर दुरुस्त करते. फुटलेल्या स्पीकरमधले चुंबक घरी नेते, ते आईसाठी. आईने उभी हयात कपडे शिवण्यात घालवली. मग तिची नजर अधू होत गेली. समोरच्याचा चेहरा पुसट दिसायचा, सुई तर दिसायचीच नाही. म्हणून मी एकेक वस्तू करत गेले. टाचण्या धरून ठेवणारं मनगटी कडं केलं, कात्री जिथल्या तिथे चिकटावी म्हणून भिंतीवर पट्टी बसवली, जमिनीवर सांडलेल्या सुया वेचायला काठी केली. एकच गोष्ट जमत नव्हती. कापडाची कड जिला टेकवून सरळ टीप मारता येईल, अशी चुंबकाने मशीनवर बसणारी आडवी पट्टी.

"लोखंडाची केली तर तीच चुंबक होऊन बसते. सुया, टाचण्या, सगळं तिलाच चिकटतं," मी त्याला सांगत होते. पिशव्या सुटल्या होत्या, तरी दोघंही दारातच उभे. "आणि प्लास्टिकची आईच्या बोटांना कळतच नाही."

"लाकडाची करा की."

"कुठलं लाकूड?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी सुतार आहे. लोक मला रंग विचारतात, किंमत विचारतात. कुठलं लाकूड, असं कुणी विचारत नाही हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लाकडाचे तुकडे घेऊन, मी दिलेल्या पत्त्यावर, घरी हजर. आईने एकेक तुकडा हातात घेतला, तोलला, नाकाशी नेला.

"हा थंड आणि जड. शिसव?"

"बरोबर, काकू."

"याचा वास तर नुसता दरवळतोय."

"देवदार. पण त्याला डिंक सुटतो, कापडाला डाग पडेल. आणि ही बाभूळ. हट्टी फार, मोडेल पण वाकणार नाही."

"आमच्या हिच्यासारखी," आई म्हणाली. तो हसला, मी नाही. म्हणजे... लगेच नाही.

मग तो येतच राहिला. कधी तासायला, कधी घासायला, कधी कारणाशिवाय. पट्टीच्या पोटात मी चुंबक बसवायचे, तो वरून घासकागद मारायचा. एकदा दोघांच्याही चिमटीत आलेला एकच चुंबक दोघांनीही सोडला नाही. "सरकवायचा असतो," मी पुटपुटले. "माहीत आहे," तो म्हणाला. तरी सोडला नाही.

पहिली पट्टी सागाची झाली. दिसायला राजबिंडी! आई मशीनवर बसली, पाय हलले, वीतभर टीप सरळ गेली — आणि पट्टीतला एक चुंबक निसटून थेट सुईखाली गेला. सुई मोडली, तिचं टोक आईच्या बोटात घुसलं.

रक्त फार नव्हतं. पण आईचा चेहरा उतरला. "बास झालं," ती म्हणाली. "झाकून ठेवा ते मशीन."

तो पांढराफटक पडला होता. "सागात तेल असतं, गोंद नीट धरत नाही. मला ठाऊक होतं..."

"मग साग का घेतलात?" माझा आवाज चढलाच.

"तुमच्यासमोर साधं लाकूड ठेवायला लाज वाटली," तो म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. घर इतकं गप्प झालं की घड्याळाच्या टिकटिकीचीही भीती वाटायची. माझा राग केव्हाच गेला होता. उरली होती ती नुसती चुटपुट. शेवटी मीच उठले आणि त्याच्या कारखान्यात गेले.

दार उघडंच होतं. आत, भुशाच्या ढिगाशेजारी, तो कुठूनसं आणलेल्या जुन्या शिलाई मशीनवर बसला होता. डोळ्यांवर फडकं घट्ट बांधलेलं, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि समोर कापडावर टीप मारणं चाललेलं. पायाशी तशीच वेडीवाकडी टिपा मारलेली फडकी पडली होती. पण हातातल्या कापडावरची टीप... सरळ होती.

"कोण आहे?" त्याने फडकं न काढता विचारलं.

मी पुढे झाले. "कारागीर, बोटं राहिलीत का शाबूत?"

त्याने झटकन फडकं ओढलं. "आधी मला जमलं पाहिजे ना. काकूंच्या बोटांवर पुन्हा प्रयोग नको."

पट्टी फिकट रंगाची, हलकी, गालासारखी मऊ होती. "गोंद धरते. पावसाळ्यात वाकत नाही," तो म्हणाला. "शिवण."

"शिवण जमलीय हो, पण लाकूड कुठलं?"

"अहो, लाकडाचंच नाव शिवण. शिवणीचं झाड असतं."

"मस्करी नका करू!"

घरी आईलाही मस्करीच वाटली. पण त्या हसण्याच्या भरात ती मशीनवर बसली. बोट पट्टीला टेकलं, कापड सरकलं, एक टीप, मग दुसरी. टोकापर्यंत गेल्यावर तिने टिपेवरून अंगठा फिरवला. चाचपत त्याचा हात शोधला आणि आपल्या कपाळाला लावला.

"काकू, असं नका ना..."

"गप्प रहा. उभे रहा, सदऱ्याचं माप घेते. मापाला डोळे लागत नाहीत."

मी पाणी घेऊन आत आले तेव्हा टेप त्याच्या छातीभोवती होता. आईने भुवया आक्रसल्या. "अगं, तू जरा बाहेर थांब."

"का?"

"तू आलीस की याची छाती दोन बोटं फुगते. माप चुकतंय."

तो कानापर्यंत लाल झाला. मी बाहेर पळाले. थोड्या वेळाने तोही आला आणि पायरीवर, हातभर अंतर ठेवून बसला.

"मला तुमचे आभार मानायचेत," तो म्हणाला.

"आमचे? मशीन तुमच्यामुळे सुरू झालं. उलट आम्हीच..."

"ऐका तर. बाबा गेल्यापासून दिवसभर मी आणि रंधा, तिसरं कुणी नाही. इथे येताना वाटायचं, आपण काहीतरी द्यायला चाललोय. पण जाताना रोज मीच काहीतरी घेऊन जायचो." तो थांबला. "मला रोज यायचंय. पट्टी झाली तरी... बोला ना काहीतरी."

"तुम्ही..." मी सुरुवात केली आणि अडखळले. तो शब्द एकाएकी फार लांबचा वाटला. मी सरकून अंतर बोटभर केलं.

"तू," मी म्हणाले, "उद्यापासून घाईघाईत परत जाऊ नकोस. बस."

एकच डोळा बारीक करून तो नुसता हसत राहिला.

आत मशीन थांबलं. "उद्यापासून कशाला?" आईचा आवाज आला. "आज जेवूनच जाऊ दे की त्याला!"

आणि पुढच्या क्षणी मशीन पुन्हा खडखडत सुरू झालं.